भिंतीपलीकडची जागा आमच्या शाळेला द्या

प्रति,
आमच्या शाळेच्या जागेच्या अदलाबदलीचा प्रस्ताव ज्यांच्या टेबलावर आहे, त्या दोन्ही कार्यालयांतले सन्माननीय अधिकारी आणि शहराचे सर्व लोकप्रतिनिधी

महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

मागच्या आठवड्यात शाळेच्या फलकावर एक सूचना लागली. येत्या जूनपासून पाचवी, सहावी आणि सातवीचे वर्ग मोठ्या रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या शाळेत समायोजित होतील, आणि शाळेमागचं सरकारी आवार शाळेला देऊन बदल्यात दुसरा भूखंड देण्याचा, म्हणजे जागेच्या अदलाबदलीचा, प्रस्ताव तूर्त स्थगित राहील, एवढंच त्यात लिहिलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीला त्याआधी कुणी विचारलं नाही आणि नंतरही कुणी बोलावून सांगितलं नाही. मी त्या समितीवर पालक सदस्य आहे. मला ही बातमी शाळेच्या दारात शेजारणीकडून कळली.

हे पत्र मी आपल्या आवक विभागातही दिलं आहे. पण आमची आधीची निवेदनं शिक्का बसून तिथंच थांबली, म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. शाळेचं, पेठेचं किंवा कुणा अधिकाऱ्याचं नाव यात मुद्दाम घातलेलं नाही. आमचं भांडण माणसांशी नाही, आणि या पत्रापायी आमच्या मुख्याध्यापिका बाईंकडं खुलासा मागितला जावा असं मला अजिबात वाटत नाही. ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांना शाळा कुठली ते ठाऊक आहे.

मी याच शाळेत पहिली ते सातवी शिकले. आता माझी मुलगी पाचवीत आहे, मुलगा दुसरीत. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे, पाळी बदलती. मी घरी शिलाईकाम करते. शाळा दोन पाळ्यांत भरते. मुलगी सकाळी जाते, मुलगा दुपारी. ती सुटते त्याच वेळी तो आत जातो, म्हणून त्याला बाकापर्यंत पोचवायचं काम तिचं. पेठेतल्या कितीतरी घरांत असंच चालतं, कारण दुपारी साडेबाराला घरातलं मोठं माणूस रिकामं नसतं. जूनपासून ती रस्त्यापलीकडं असेल. मग त्याला कोण पोचवणार, आणि तिला तो रस्ता कोण ओलांडून देणार? हे एका घरापुरतं वाटेल, पण ज्या ज्या घरात दोन पोरं या शाळेत आहेत त्या प्रत्येक घरात सध्या हाच विषय चालू आहे.

शाळेत गर्दी आहे, हे आपण म्हणता ते खरंच आहे. पण ती कशामुळं झाली हेही त्याच कागदावर यायला हवं होतं. राज्यभर मराठी शाळांचा पट घसरतोय, वर्ग बंद पडताहेत, अशा बातम्या आपण वाचतो. कोल्हापुरात उलटंही घडतं. जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात, हे सगळ्या शहरानं पाहिलंय. आमची शाळा तेवढी नावाजलेली नाही, पण वारा तोच आहे. आमच्या बाई आणि सर शाळा सुटल्यावर शिष्यवृत्तीचे जादा तास घेतात, उन्हाळ्यात घरोघरी फिरतात, वाचायला न येणारं पोर सापडलं की त्याला वेगळं घेऊन बसतात. दोन-तीन वर्षं इंग्रजी माध्यमाची फी भरून दमलेले पालक ते बघून पोरांना परत इथं घालतात. पट वाढला तो शिक्षकांच्या कामामुळं. त्याचं फळ म्हणून शाळेचे दोन तुकडे होणार असतील तर पुढं कुठल्या शिक्षकानं पट वाढवायला घरोघरी फिरायचं?

आत काय परिस्थिती आहे ते आता सांगते, कारण फाइलवर 'जागेची कमतरता' असे दोनच शब्द आहेत.

पट वाढला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षक वाढून मिळतात. खोल्या मात्र वाढत नाहीत. म्हणून वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत दोन तुकड्या बसतात, मधे पत्र्याची कपाटं आडवी लावून. एका बाजूला पाढे सुरू झाले की दुसऱ्या बाजूच्या बाई बोलणं थांबवून फळ्यावरून लिहून घ्यायचं काम काढतात. पाढे संपेपर्यंत त्यांना दुसरं काही करताच येत नाही. दोन मुलांच्या बाकावर तिघं बसतात. माझी मुलगी मधली. तिला वही पूर्ण उघडायला जागा नसते, म्हणून ती वही मागं दुमडून एका पानावर लिहिते, मग पालटून दुसऱ्यावर. तिची कुठलीही वही बघा, शिवण मधोमध उसवलेली आहे. अक्षर घरी सरळ येतं, शाळेतल्या वहीत उजवीकडं चढत जातं. बाईंनी अक्षरासाठी शेरा दिला तेव्हा मी रागावले नाही, बाक बघून आले.

बाहेरच्या व्हरांड्यात एक वर्ग भरतो. पावसाळ्यात त्याला ताडपत्री बांधतात. कोल्हापूरचा जुलैतला पाऊस आपण सगळेच ओळखतो. ताडपत्री असली की अंधार, सोडली की पोरं भिजणार. त्या दिवसांत तो वर्ग खाली मुख्याध्यापिकांच्या खोलीत हलवतात आणि बाई जिन्याखालच्या टेबलावर बसून कार्यालयाचं काम करतात.

मुलींच्या स्वच्छतागृहासमोर मधल्या सुट्टीभर रांग असते. सुट्टी संपते तेव्हाही रांगेत मुली उभ्याच असतात. त्यावर मुलींनी आपला आपणच उपाय काढलाय, त्या पाणीच पीत नाहीत. मी सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी जवळजवळ तशीच घरी येते. मी इतर आयांना विचारलं, सगळ्यांकडं हेच. वयात येणाऱ्या मुलींचं यातून काय होतं हे मी वेगळं लिहायची गरज नाही.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती जिन्याची. जिना एकच, लाकडी कठड्याचा, एका वेळी दोघं जेमतेम जातील एवढा. साडेबाराला सकाळची पाळी उतरते आणि दुपारची चढते. शिक्षक मधे उभं राहून एका बाजूला उतरणारी, एका बाजूला चढणारी अशी पोरं लावतात. एखाद्याचं दप्तर अडकलं की सगळा जिना थांबतो आणि मागची पोरं पुढं रेटतात. आजवर मोठं काही झालं नाही, याचं श्रेय त्या दहा मिनिटांत घसा ताणणाऱ्या शिक्षकांचं आहे. इमारतीचं त्यात काही नाही.

आता भिंतीपलीकडं बघा.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एका सरकारी खात्याचं आवार आहे. एकेकाळी तिथं सामानाचं कोठार होतं. आज एक पत्र्याची शेड आहे, तिच्यात गंजलेली डांबराची पिंपं, मोडके फलक आणि गवतात चाकांपर्यंत रुतलेला एक जुना रोलर. फाटकावर एक रखवालदार असतो. आमच्या लहानपणी तिथं ट्रक यायचे. आता आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात, मोठा ट्रक वळूच शकत नाही, त्यामुळं ती जागा त्या खात्यालाही कोठार म्हणून उपयोगाची राहिलेली नाही. आवार शाळेच्या आजच्या जागेपेक्षा सरळसरळ मोठं आहे. मधली भिंत काढली तर शाळेची जागा आणि ही जागा मिळून वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, खिचडी वाटायला शेड आणि मैदान, सगळं बसतं.

आणि शहराच्या कडेला, महामार्गाच्या बाजूला, स्थानिक संस्थेच्या मालकीचा एक मोकळा भूखंड आहे. तिथं ट्रक थेट आत जाऊ शकतो. कोठाराला जशी जागा हवी तशीच ती आहे. म्हणून आमच्या समितीनं सुचवलं की हा भूखंड त्या खात्याला द्या आणि शाळेमागचं आवार शाळेला द्या. एकही घर हलवायचं नाही, कुणा शेतकऱ्याची जमीन घ्यायची नाही, कुणा बिल्डरला मधे आणायचं नाही. दोन्ही जागांच्या मिळकत पत्रिका मी काढल्या आहेत. दोन्हींवर सार्वजनिक मालकीच आहे, खासगी नाव एकही नाही.

कोल्हापुरात हे इतकं महत्त्वाचं का, तेही सांगते. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण शहराची हद्द वाढली नाही. आजही तेच ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती, त्यानंतर ती कमी झालेली नाही हे रस्त्यावर उभं राहिलं तरी कळतं. हद्दवाढ व्हावी की नको यावर गावात दोन मतं आहेत आणि ती मला इथं काढायची नाहीत. पण हद्द तेवढीच राहणार असेल तर तिच्या आतली सार्वजनिक जागा कशाला वापरायची हे फार विचार करून ठरवावं लागेल. पेठेच्या मधोमध गंजलेल्या पिंपांना एवढी मोठी जागा आणि पोरांना व्हरांडा, ही वाटणी कुणालाही पटणार नाही.

मग अडलंय कुठं? माहिती अधिकारात मी फाइलच्या टिपण्यांच्या प्रती घेतल्या आणि शिलाईच्या टेबलावर पसरून वाचल्या. मला वाटलं होतं कुणीतरी नकार दिला असेल. तर तसं नाही. संपूर्ण फाइलमध्ये एकाही पानावर 'नको' असं लिहिलेलं नाही. एका कार्यालयाचं म्हणणं, त्या खात्याचं ना-हरकत पत्र आधी येऊ द्या, मग भूखंडाचा प्रस्ताव पुढं नेऊ. त्या खात्याचं म्हणणं, पर्यायी भूखंडाचा ताबा आधी मिळू द्या, मग ना-हरकत देऊ. 'अभिप्रायार्थ सादर', 'आवश्यक त्या कार्यवाहीस्तव परत', असं करत कागद दोन्हीकडून फिरतो आहे. दोघांनाही अदलाबदल मान्य आहे, फक्त पहिलं पाऊल दुसऱ्यानं टाकावं असं दोघांनाही वाटतं. आणि या थांबण्याची किंमत म्हणून आता मुलांना रस्त्यापलीकडं पाठवायचं ठरलं आहे. मला हे पटत नाही आणि मी ते गप्प बसून मान्य करणार नाही.

आमची गाऱ्हाणी मी एकेक करून लिहिते.

पहिलं, समितीला डावललं गेलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम २१ प्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणं समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा असतो आणि स्थानिक संस्थेचं नियोजन आणि अनुदान त्या आराखड्याच्या आधारानं व्हायचं असतं. आमच्या आराखड्यात ही अदलाबदल पहिल्या क्रमांकावर होती. तो आराखडा आपल्याकडं पोचल्याची पोच आमच्याकडं आहे. त्याच्या नेमका उलट निर्णय घ्यायचा होता तर निदान एक बैठक बोलवायची होती. समितीवरच्या बायका रोजगार बुडवून सभेला येतात. त्यांनी केलेल्या कागदाचा काही उपयोग होणार नसेल तर त्या पुढच्या वेळी का येतील?

दुसरं, अंतर. नियमाप्रमाणं सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असली तरी चालते, हे मला माहीत आहे, आणि नवी शाळा त्या अंतरात बसते हेही मान्य. पण पाचवी हा प्राथमिकचाच वर्ग आहे आणि त्याला अंतराची मर्यादा एक किलोमीटर आहे. आमच्या गल्ल्यांमधून चालत जायचा रस्ता मोजला की कित्येक घरांना ती ओलांडली जाते. सरळ रेषेत मोजू नका, दप्तर घेतलेल्या दहा वर्षांच्या मुलीबरोबर चालून मोजा. मधला रस्ता बसचा, ट्रकचा आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा आहे. गळीत हंगामात तो ओलांडायला मोठी माणसंसुद्धा थांबून राहतात.

तिसरं, मूल्यांकनाचं कारण. तोंडी असं सांगितलं गेलं की पेठेतल्या जागेचा रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला, दर जास्त, कडेच्या भूखंडाचा कमी, त्यामुळं तफावत येते आणि ती कोण भरणार. महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये स्थावर मिळकत बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देऊ नये असं आहे आणि ते योग्यच आहे. त्या कलमामुळं लोकांच्या जागा स्वस्तात कुणाच्या घशात जात नाहीत. पण इथं दोन्ही बाजूंना लोकच आहेत. कडेचा भूखंड मोठा आहे, दर कमी असला तरी क्षेत्र जास्त देता येतं. मुख्य म्हणजे तफावत नेमकी किती हे मोजणी आणि मूल्यांकन झाल्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही, आणि ते आजवर झालेलंच नाही. जो आकडा काढलाच नाही त्याच्या भीतीनं प्रस्ताव थांबवला गेला आहे. आकडा काढा. तो मोठा आला तर शासनाकडं मार्ग मागा, आम्ही तुमच्याबरोबर येऊ. पैसे सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार आहेत, बाहेर जाणार नाहीत.

चौथं, 'तात्पुरतं' हा शब्द. सूचनेत समायोजन तात्पुरतं असल्याचं म्हटलंय, पण कधीपर्यंत ते नाही. वरचे वर्ग गेले की शाळेचा पट कमी दिसणार. पट कमी झाला की पुढच्या संचमान्यतेत शिक्षक कमी होणार. मग 'आता गर्दी नाही, अदलाबदलीची गरजच काय' असं म्हणायला जागा होणार. असं होणार नाही हे आपण लेखी द्या. तोंडी आश्वासन देणारे साहेब बदलून गेले की पुढच्यांना आम्ही काय दाखवायचं?

पाचव्या मुद्द्याला मी मुद्दाम जास्त जागा देते, कारण पेठेत सध्या त्याचीच चर्चा आहे. शाळेची आजची जागा रस्त्याला लागून आहे. ती विकासकाला द्यावी, खाली दुकानगाळे, वर शाळा, असं बांधा-वापरा-हस्तांतरित करा पद्धतीनं करावं, असं काहीजण सुचवतात. सगळ्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पैसा नाही, म्हणून असं सुचतं. पण दुकानांच्या डोक्यावरच्या शाळेत मैदान कुठं असणार? माल उतरवणाऱ्या टेम्पोंमधून पोरं आत कशी जाणार? आणि करार तीस वर्षांचा झाला तर तेवढ्या काळात शाळेत शिकून बाहेर पडणाऱ्या पिढ्यांना ती जागा आपली म्हणता येणार आहे का? अदलाबदल खासगी माणसाशी झाली की शाळेचं हित मागं पडतं, ही भीती आम्हाला आहे. म्हणून आम्ही पहिल्यापासून सार्वजनिक जागेच्या बदल्यात सार्वजनिक जागाच मागतो आहोत.

याच ओघात आणखी एक पर्याय कानावर आला, नदीच्या अंगाला असलेल्या एका मोकळ्या जागेवर शाळा हलवायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कुठल्या कुठं मागं टाकली, पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. ती मोकळी जागा दोन्ही वेळा पाण्याखाली होती. आमच्या पेठेत पाणी चढत नाही, म्हणून दोन्ही पुरांत नदीकाठची कुटुंबं आमच्या शाळेत राहायला होती. मी स्वतः तिथं भाकऱ्या थापल्या आहेत. एका खोलीत चार-चार घरं, बाळंतीण बाई व्हरांड्यात, जनावरं दावणीला बांधायला जागा नाही म्हणून गल्लीत. पुरात ज्या शाळेनं लोकांना आसरा दिला ती शाळाच पूररेषेत नेऊन ठेवायची, याचा विचारसुद्धा नको. उलट शाळेला मागची जागा मिळाली तर पुढच्या पुरात तिथं दुप्पट माणसं नीट राहतील. आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत हा मुद्दा कुणी मांडला आहे का, हे मला विचारायचं आहे.

लोकप्रतिनिधींनाही एक सांगायचं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते. त्या काळात वॉर्डातलं गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडं हेच लोकांना कळत नव्हतं. आमचा प्रस्ताव रेंगाळला त्यातला बराच काळ तो आहे. निवडणुकीच्या वेळी सगळ्या पक्षांचे लोक आमच्या शाळेत आले होते, कारण मतदान केंद्र तिथंच असतं. तो जिना आणि ती कपाटं सगळ्यांनी पाहिली आहेत. आता सभेत बोलताना ती आठवावीत.

या गावात शिक्षणाचं काम कुणी केलं हे आपल्याला सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरांना शाळेत न घालणाऱ्या पालकांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. त्या काळी पालकांना शाळेकडं ओढून आणावं लागत होतं. आज पालक आपण होऊन दारात उभे आहेत, आणि आत जागा नाही. दरवर्षी २६ जूनला, शाहू जयंतीला, आपण सगळे दसरा चौकात जातो. या वर्षी त्या दिवशी आमच्या वरच्या वर्गातली मुलं कुठल्या शाळेत असतील, हे आपल्या सहीवर ठरणार आहे.

आमच्या मागण्या अशा.

पाचवी ते सातवीच्या समायोजनाची सूचना मागं घ्या. अदलाबदलीचा निर्णय होईपर्यंत एकही वर्ग हलवू नका.

मे महिना संपायच्या आत दोन्ही कार्यालयांची एकत्र बैठक जिल्हाधिकाऱ्यांसमोर लावा. आधी कुणी, हा प्रश्न पत्रांनी सुटणार नाही, समोरासमोर बसूनच सुटेल. दोन्ही जागांची संयुक्त मोजणी आणि मूल्यांकन करायची तारीख त्याच बैठकीत ठरवा आणि दोन्ही ताबे एकाच दिवशी, एकाच टेबलावर देऊन टाका. म्हणजे कुणालाच आधी द्यावं लागणार नाही. बैठकीला समितीचे दोन पालक बोलवा आणि इतिवृत्त शाळेच्या फलकावर लावा.

कागदपत्रांना वेळ लागणार असेल तर शेडपुढच्या मोकळ्या पट्ट्याचा आगाऊ ताबा द्या. तिथं तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्या तर व्हरांड्यातला वर्ग या पावसाळ्यात तरी कोरड्यात बसेल आणि दोन तुकड्यांमधली कपाटं हलतील. भिंतीला एक दार पाडलं की झालं. रोलर आणि पिंपं हलवायला पेठेतल्या तालमीची पोरं येतो म्हणाली आहेत, परवानगी तेवढी द्या.

शाळेची आजची जागा अदलाबदलीनंतरही शाळेचीच राहील, तिथं दुकानगाळे होणार नाहीत, हे लेखी द्या. दोन्ही जागा मिळून शाळा आणि मैदान असं आरक्षण विकास योजनेत दाखवा. त्यासाठी हरकती-सूचना मागवाव्या लागतील तेवढ्या मागवा, पेठेतून हरकत येणार नाही याची काळजी आम्ही घेऊ.

आणि दोन कामं अशी आहेत की ज्यांना कुणाच्याही ना-हरकतीची गरज नाही. जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून अहवाल पालकांना दाखवा. आणि मागच्या बाजूनं दुसरा, लोखंडी का होईना, जिना बसवा. तो सुट्टीत बसू शकतो. मुलींसाठी स्वच्छतागृहं वाढवायलाही तेवढाच वेळ लागेल. ही कामं अदलाबदलीच्या फाइलला बांधून ठेवू नका.

समितीची पुढची सभा एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी शाळेतच आहे. दोन्ही कार्यालयांना निमंत्रणाची पत्रं दिली आहेत. साहेबांनी, मॅडमनी स्वतः यावं, ते जमत नसेल तर निर्णय घेऊ शकणारं माणूस पाठवावं. साडेबाराच्या आधी आलात तर पाळी बदलताना जिना बघता येईल, आणि मागच्या आवाराचं फाटक उघडून द्यायला रखवालदारमामा तयार आहेत. सूचना मागं घेतल्याचा कागद त्या दिवशी मिळाला तर आम्ही पुढच्या कामाला लागू. नाही मिळाला तर पालक मोर्चा काढतील. पोरांच्या परीक्षा होईपर्यंत थांबायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.

आपली विश्वासू,
शाळा व्यवस्थापन समितीची पालक सदस्य आणि याच शाळेची माजी विद्यार्थिनी
कोल्हापूर